‘मला जिवाची भीती होती’ : एक दावा, दोन न्यायालये

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने प्राण दिला आणि त्या प्राणाला प्रतिष्ठा दिली. दरूद व सलाम असो प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्यावर, ज्यांनी माणसाच्या रक्ताची किंमत माणसाला शिकवली.



फौजदारी न्यायालयात आरोपीच्या तोंडून वारंवार ऐकू येणारे एक वाक्य आज आपल्या चिंतनाचा विषय आहे : ‘मला जिवाची भीती होती, म्हणून मी वार केला.’ हे वाक्य अगदी खरे असू शकते. मृत्यू समोर उभा असताना ज्याने हात उचलला, त्याला दुसरे कोणते वाक्य सुचणार? पण हेच वाक्य अत्यंत सोयीचेही असू शकते. कारण भीती अंतःकरणात असते, ती कोणाला दाखवता येत नाही. आणि जो हे वाक्य खोडून काढू शकला असता, तो बहुधा कबरीत असतो.

म्हणून या वाक्याची तपासणी एकदा या जगाच्या न्यायालयात होते आणि एकदा त्या न्यायालयात, जिथे मृत व्यक्तीही बोलणार आहे. श्रद्धावंताने दोन्ही न्यायालये डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाकडे पाहिले पाहिजे.

भीती वाटणे हा अपराध नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर करू. खऱ्या मुसलमानाला भीती वाटतच नाही, असे काही जण आवेशाने सांगतात. कुरआनची शिकवण अशी नाही. हजरत मूसा (अलै.) हे दृढनिश्चयी प्रेषितांपैकी एक, तरीही सूरह अल-कससमध्ये ते भयभीत अवस्थेत, कानोसा घेत शहराबाहेर पडताना दिसतात. पुढे प्रेषितत्व मिळतानाही ते अल्लाहपाशी स्पष्ट सांगतात की आपल्या हातून त्यांच्यातील एक मनुष्य मारला गेला आहे आणि ते आपल्याला मारतील अशी आपल्याला भीती आहे. अल्लाहने त्यांना या भीतीबद्दल दोष दिला नाही, धीर दिला.

या प्रसंगात आणखी एक बोध आहे. मूसा (अलै.) यांनी ज्याला ठोसा मारला, तो एका दुर्बलाशी झगडत होता. त्याला मारून टाकण्याचा त्यांचा हेतू नव्हता आणि ते मदतीसाठी धावले होते. बचावाची एवढी मोठी सबब हाताशी असताना त्यांनी ती पुढे केली नाही. हे सैतानाचे काम झाले असे म्हणून त्यांनी तत्काळ क्षमा मागितली. हातून प्राण गेला की प्रेषिताचे अंतःकरणही थरथरते, मग आपले का थरथरू नये?

बचावाचा हक्क

इस्लामने अन्याय निमूटपणे सोसण्याची सक्ती केलेली नाही. सूरह अश-शूरामध्ये श्रद्धावंतांचे गुण सांगताना, अत्याचार झाला असता ते त्याचा प्रतिकार करतात, असे म्हटले आहे. सहीह मुस्लिममधील एका हदीसनुसार एका मनुष्याने प्रेषितांना (सल्ल.) विचारले, की कोणी माझा माल हिसकावू लागला तर? उत्तर मिळाले, देऊ नकोस. तो लढू लागला तर? तूही लढ. त्याने मला मारले तर? तू शहीद. आणि मी त्याला मारले तर? तो नरकाग्नीत. अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आपला जीव, कुटुंब, धर्म आणि संपत्ती यांचे रक्षण करताना मारल्या गेलेल्यालाही शहीद म्हटले आहे.

ही हदीस आपल्या सभांमधून मोठ्या आवाजात सांगितली जाते. परंतु नसाईंच्या संग्रहातील दुसरी हदीस तितक्याच आवाजात सांगितली जात नाही. तिथेही एक मनुष्य हाच प्रश्न घेऊन आला होता. प्रेषितांनी (सल्ल.) त्याला आधी सांगितले, की त्या माणसाला अल्लाहची आठवण करून दे. त्याने ऐकले नाही तर? आसपासच्या मुसलमानांची मदत घे. आसपास कोणी नसेल तर? शासकाची मदत घे. शासकही दूर असेल तर? मग लढ. लढण्याची परवानगी आहे, पण ती शेवटच्या पायरीवर आहे. पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर उडी घेणारा पहिली हदीस सांगतो आणि दुसरी लपवतो.

फिकहने आखलेल्या मर्यादा

इस्लामी धर्मशास्त्रात हल्लेखोराला ‘साइल’ म्हणतात आणि त्याच्या प्रतिकाराचे स्वतंत्र प्रकरण फिकहच्या ग्रंथांत आहे. त्याचे मूळ सूत्र सोपे आहे : जे काम हलक्या उपायाने होते, तिथे जड उपाय वापरू नये. ओरडून हल्लेखोर पळणार असेल तर हात उचलू नये. हाताने आवरत असेल तर काठी नको. काठीने भागत असेल तर शस्त्र नको. मात्र शस्त्राशिवाय जीव वाचणारच नाही, अशी स्थिती असेल तर शस्त्राचाही दोष नाही. बुखारी व मुस्लिममध्ये एक प्रसंग आहे. एकाने दुसऱ्याचा हात चावला. त्याने हात हिसडून सोडवला, तेव्हा चावणाऱ्याचे दात पडले. त्याने भरपाई मागितली, पण प्रेषितांनी (सल्ल.) ती नाकारली. हात सोडवताना दात पडले, हा बचाव. हात सुटल्यावर दात पाडले असते, तर तो सूड झाला असता.

हनफी फिकहचा ‘हिदाया’ हा ग्रंथ मदरशांत पिढ्यान्पिढ्या शिकवला जातो. इमाम मर्गीनानी (मृत्यू 1197) यांनी त्यात या विषयाची जी उदाहरणे दिली आहेत, ती आजच्या कोणत्याही वकिलाला विचार करायला लावतील. कोणी शस्त्र उगारले, तर दिवस असो वा रात्र, ज्याच्यावर उगारले त्याने हल्लेखोराला मारल्यास त्याच्यावर दायित्व नाही, कारण शस्त्र उसंत देत नाही. काठी उगारली असेल तर मात्र वेळ आणि स्थळ पाहिले जाते. रात्रीची वेळ किंवा वस्तीबाहेरचा रस्ता असेल, जिथे हाक मारूनही कोणी येणार नाही, तिथे मुभा आहे. भर दिवसा, भर वस्तीत, जिथे एका हाकेवर दहा माणसे धावून येतील, तिथे तशी मुभा नाही.

याहून महत्त्वाचे उदाहरण पुढे आहे. हल्लेखोराने वार केला आणि तो पाठ फिरवून निघाला. मग जखमीने मागून जाऊन त्याला ठार केले. इथे ठार करणाऱ्यावर किसास, म्हणजे खुनाचा दंड लागू होतो. कारण हल्लेखोराने पाठ फिरवली त्याच क्षणी तो हल्लेखोर उरला नाही आणि त्याच्या रक्ताला असलेले संरक्षण त्याला परत मिळाले. वाचकहो, हा एक क्षण नीट ध्यानात घ्या. भीतीचा क्षण संपतो आणि रागाचा क्षण सुरू होतो, ती सीमा अतिशय बारीक आहे. त्या सीमेच्या अलीकडे बचाव आहे आणि पलीकडे खून.

फिकहच्या विद्वानांनी एक कडक नियमही सांगितला आहे. कोणी डोक्याला शस्त्र लावून म्हणाला, ‘त्या निरपराधाला मार, नाहीतर तुला मारतो,’ तर आपला जीव वाचवण्यासाठी त्या निरपराधाचा जीव घेण्याची परवानगी नाही. हजरत अम्मार बिन यासिर (रजि.) यांना छळाखाली तोंडून कुफ्राचे शब्द काढावे लागले तेव्हा त्यांना माफी मिळाली, कारण त्यांचे अंतःकरण ईमानवर स्थिर होते. पण दुसऱ्याच्या प्राणाच्या बाबतीत ती सवलत नाही. माझा प्राण त्याच्या प्राणाहून अधिक मोलाचा आहे, हे मला कोणी सांगितले?

देशाचा कायदा काय सांगतो

आपण ज्या देशाचे नागरिक आहोत, त्याच्या कायद्यातही हा हक्क मान्य आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 96 ते 106 मध्ये असलेल्या तरतुदी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहेत. मृत्यू किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती निर्माण करणारा हल्ला, बलात्काराचा किंवा अपहरणाचा हेतू, ॲसिडचा हल्ला अशा प्रसंगी हल्लेखोराचा मृत्यू होण्यापर्यंत हा हक्क जातो. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी घर फोडून शिरणाऱ्याविरुद्धही तो तिथवर जातो. ‘हिदाया’तील रात्रीच्या प्रसंगांशी हे किती जुळते, ते पाहावे.

परंतु कलम 37 दोन कुंपणे घालते. पोलिसांकडे जाण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही आणि बचावाला आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा नाही. कलम 40 नुसार हा हक्क धोक्याच्या वाजवी भीतीबरोबर सुरू होतो आणि ती भीती असेतोवरच टिकतो. सद्भावनेने बचाव करताना, पूर्वनियोजन नसताना आणि गरजेहून अधिक इजा करण्याचा हेतू नसताना मर्यादा ओलांडली गेली, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. म्हणजे शिक्षा सौम्य होऊ शकते, ती टळतेच असे नव्हे.

कायदा निर्दयही नाही. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या 2010 च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने या विषयाची तत्त्वे एकत्र मांडली. प्राण संकटात असलेल्या माणसाने प्रत्येक वार तराजूत तोलून करावा, अशी अपेक्षा ठेवता येत नाही; हल्ला प्रत्यक्ष होण्याची वाट पाहणेही गरजेचे नाही, वाजवी भीती पुरेशी आहे. मात्र हा हक्क बचावासाठी आहे, सूडासाठी नाही, हेही न्यायालयाने सांगितले. बचावाचा दावा दाखवण्याची जबाबदारी साक्ष्य अधिनियमाने आरोपीवर टाकली आहे. तथापि तो संशयातीत सिद्ध करावा लागत नाही, परिस्थितीवरून संभवनीय वाटला तरी पुरे.

इथे ‘वाजवी’ हा शब्द सर्वांत जड आहे. भीती वाटली एवढे सांगून भागत नाही. त्या जागी, त्या क्षणी, एखाद्या समंजस माणसालाही ती वाटली असती का, हे पाहिले जाते.

भीती खरी, पण कारण खोटे

17 ऑक्टोबर 1992 रोजी अमेरिकेतील लुईझियाना राज्याच्या बॅटन रूज शहरात घडलेली घटना या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. योशिहिरो हात्तोरी हा 16 वर्षांचा जपानी विद्यार्थी शिक्षणासाठी तिथे आला होता. हॅलोवीनच्या मेजवानीसाठी तो मित्राबरोबर निघाला आणि चुकून दुसऱ्याच घराची घंटा वाजवली. घरातील स्त्री अनोळखी मुलांना पाहून घाबरली. तिने पतीला बंदूक आणायला सांगितले. मुलगा मेजवानीसाठी आल्याचे सांगत पुढे आला. घरमालकाने थांबण्यास सांगितलेला इंग्रजी शब्द त्याला बहुधा समजला नाही, आणि गोळी सुटली. जिवाची भीती होती, हाच बचाव न्यायालयात मांडला गेला आणि 1993 मध्ये ज्यूरीने घरमालकाला निर्दोष सोडले. परंतु पुढच्या वर्षी दिवाणी न्यायालयाने त्याच घटनेकडे पाहिले तेव्हा गोळी झाडण्याचे समर्थन होऊ शकत नाही असे ठरले आणि मुलाच्या आईवडिलांना भरपाई देण्याचा हुकूम झाला.

घरमालकाची भीती खरी होती, असे आपण घटकाभर धरू. तरीही ज्याच्यापासून ती वाटली, तो निरपराध होता. भीतीची जबाबदारी कोणाची? घाबरलेल्याची, की ज्याला पाहून तो घाबरला त्याची?

इस्लामचे उत्तर स्पष्ट आहे. सूरह अन-निसामध्ये चुकून झालेल्या हत्येचे विधान आले आहे. तिला खुनाचा दंड नाही, पण ते रक्त फुकटही नाही. मृताच्या वारसांना दियत, म्हणजे रक्तभरपाई द्यावी लागते; ते माफ करतील तर गोष्ट वेगळी. शिवाय कफ्फारा म्हणून गुलाम मुक्त करणे आणि ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे ठेवणे आवश्यक आहे. भरपाई वारसांसाठी आहे आणि कफ्फारा अल्लाहपुढील पश्चात्तापासाठी. साठ दिवस प्रत्येक सहरीला उठताना त्या माणसाला आठवावे, की आपल्या घाईमुळे एक घर अंधारले.

उहुदच्या रणांगणावर हिजरी 3 मध्ये अशीच चूक झाली. गोंधळात मुसलमानांच्याच तलवारी हजरत हुजैफा (रजि.) यांच्या वृद्ध वडिलांवर पडल्या. हुजैफा (रजि.) ‘माझे वडील, माझे वडील’ असे ओरडत राहिले, पण उशीर झाला होता. त्यांनी मारणाऱ्यांसाठी अल्लाहकडे क्षमा मागितली. प्रेषितांनी (सल्ल.) दियत देण्याचे ठरवले, ती त्यांनी मुसलमानांना दान केली, असे इतिहासग्रंथांत आले आहे. मुलाने माफ केले, ही त्याची थोरवी. पण चूक झाली हे नाकारले गेले नाही आणि भरपाईचा विचार प्रेषितांनी (सल्ल.) स्वतः केला, हा न्याय.

भीतीचे खोटे नाटक

आता तिसरा प्रकार, जो सर्वांत घातक आहे. भीती मुळात नव्हतीच. राग होता, वैर होते, जमिनीचा वाद होता. भीती नंतर, वकिलाच्या सल्ल्याने जन्माला आली.

एका मोहिमेत हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांनी एका मनुष्याला गाठले. त्याने कलिमा उच्चारला, तरीही उसामा (रजि.) यांनी त्याला मारले. हे प्रेषितांना (सल्ल.) कळले, तेव्हा उसामांनी सांगितले की त्याने शस्त्राच्या भीतीने कलिमा म्हटला होता. यावर प्रेषितांनी (सल्ल.) विचारले, की तू त्याचे हृदय चिरून पाहिलेस का? हा प्रश्न त्यांनी इतक्या वेळा विचारला, की आपण आजच मुसलमान झालो असतो तर बरे झाले असते, असे उसामांना वाटू लागले. ‘तो मला मारणारच होता’ असे म्हणणारा प्रत्येक जण दुसऱ्याचे हृदय वाचल्याचा दावा करतो. हाताची हालचाल पाहता येते, हृदय पाहता येत नाही.

म्हणूनच विद्वानांनी अशा दाव्यासाठी पुरावा मागितला. इमाम इब्ने कुदामा (मृत्यू 1223) आपल्या ‘अल-मुगनी’ या ग्रंथात सांगतात, की कोणी आपल्या घरात एकाला ठार केले आणि तो माझ्यावर चालून आला होता असे म्हटले, तर नुसत्या शब्दावर ते मान्य होणार नाही. तो शस्त्र परजून आला होता, हे साक्षीदारांनी सांगितले तर गोष्ट वेगळी. ‘मुवत्ता’मध्ये हजरत अली (रजि.) यांचा निर्णय आहे. शाममधील एकाने पत्नीसोबत परपुरुष आढळल्याचे सांगून हत्या केली होती. हजरत अली (रजि.) म्हणाले, की त्याने चार साक्षीदार आणले नाहीत, तर त्याला मृताच्या वारसांच्या स्वाधीन करावे. अब्रू असो की जीव, दोहोंच्या नावाने रक्त सांडून नंतर केवळ शपथेवर सुटका मिळत नाही.

आणि समजा, सुटका मिळाली. समजा साक्षीदार फितूर झाले, पुरावा अपुरा पडला आणि न्यायाधीशांनी सोडून दिले. बुखारी व मुस्लिममधील हदीस आठवा. प्रेषित (सल्ल.) म्हणाले होते, की मी माणूसच आहे, तुमच्यापैकी कोणी आपली बाजू अधिक प्रभावीपणे मांडू शकतो आणि मी ऐकतो त्याप्रमाणे निर्णय देतो, पण अशा रीतीने ज्याला भावाचा हक्क मिळाला, त्याला मी आगीचा तुकडा दिला. प्रेषितांच्या न्यायालयातून मिळालेला निकालही खोट्याला हलाल करीत नाही, तर तालुक्याच्या न्यायालयाचा निकाल कसा करील?

अफवेची भीती

आपल्या महाराष्ट्राने भीतीचा आणखी एक भयानक चेहरा पाहिला आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच गरीब भिक्षेकऱ्यांना ठार केले. 16 एप्रिल 2020 रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवेने दोन साधू आणि त्यांच्या वाहनचालकाचा बळी घेतला. मोबाईलवर आलेल्या मजकुरातून ही भीती पसरली होती. ‘साप साप म्हणून भुई धोपटणे’ अशी आपल्या मराठीत म्हण आहे. इथे भुई नव्हे, माणसे धोपटली गेली.

सूरह अल-हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे, अन्यथा अजाणता कोणाला इजा होईल आणि मग पश्चात्ताप करावा लागेल, असा इशाराही आहे. त्याच सूरहमध्ये पुष्कळशा संशयांपासून दूर राहण्यास सांगितले आहे. दाढी, टोपी किंवा बुरखा पाहून रेल्वेच्या डब्यात कोणी दचकले, तर आपल्याला किती वेदना होतात, हे आपण जाणतो. मग आपल्या मोहल्ल्यात आलेल्या अनोळखी फेरीवाल्याकडे, मनोरुग्ण स्त्रीकडे, वेगळ्या वेशातील साधूकडे आपणही त्याच नजरेने पाहावे का? आपल्याविषयीच्या निराधार भीतीची तक्रार करण्याचा हक्क त्यालाच आहे, जो स्वतः दुसऱ्याला निराधार भीतीने मारीत नाही.

घरासाठी काही गोष्टी

वडीलधाऱ्यांनो, आपला मुलगा ‘बचावासाठी’ खिशात चाकू ठेवून फिरत असेल, तर आजच त्याच्याशी बोला. प्रेषितांनी (सल्ल.) मशिदीत बाण घेऊन येणाऱ्याला त्याची टोके धरून ठेवण्यास सांगितले, कोणाला ओरखडाही येऊ नये म्हणून, आणि भावाकडे शस्त्र रोखण्यास मनाई केली, कारण सैतान केव्हा हात ओढील हे कळत नाही. खिशातला चाकू भांडण मिटवीत नाही, भांडणाचा शेवट बदलतो.

तरुणांनो, वाद वाढू लागला की तिथून निघून जाणे हा भेकडपणा नव्हे. कायदा तुम्हाला हल्लेखोरासमोरून पळण्याची सक्ती करीत नाही, हे खरे. पण दोन मुसलमान तलवारी घेऊन एकमेकांना भिडले तर मारणारा आणि मेलेला दोघेही आगीत, असे हदीसमध्ये आहे. कारण मेलेलाही दुसऱ्याला मारण्यास उत्सुक होता. जो स्वतः भांडण शोधत गेला, त्याला नंतर बचावाचे नाव घेता येत नाही. 112 क्रमांक फिरवा, शेजाऱ्यांना हाक द्या, दार आतून लावा. हदीसने सांगितलेल्या पायऱ्या आजही त्याच आहेत.

माता-भगिनींनो, घरात किंवा रस्त्यात अब्रूवर हल्ला झाला, तर प्रतिकार हा तुमचा हक्क आहे, शरीअतनेही आणि कायद्यानेही दिलेला. लोक काय म्हणतील या भयाने तो गमावू नका आणि नंतर घडले ते लपवू नका.

आणि ज्याच्या हातून खरोखर बचावात कोणी जखमी झाला किंवा दगावला, त्याने पळून जाऊ नये. जखमीला इस्पितळात पोहोचवावे, पोलिसांना स्वतः कळवावे, घडले तेवढेच सांगावे, त्यात भर घालू नये. साक्षीदारांनीही नातेवाइकाच्या प्रेमापोटी शब्द फिरवू नये. सूरह अन-निसामध्ये न्यायाची साक्ष स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध आणि नातलगांविरुद्धही द्यावी, अशी आज्ञा आहे.

दुसरे न्यायालय

हदीसमध्ये आले आहे, की कयामतच्या दिवशी लोकांमधील तंट्यांपैकी सर्वप्रथम रक्ताचे निवाडे होतील. तिर्मिजी व नसाई यांच्या संग्रहांत असेही आहे, की मारला गेलेला मनुष्य मारणाऱ्याला धरून आणील आणि पालनकर्त्याला म्हणेल, याला विचार, याने मला का मारले? या जगातील न्यायालयात जो गप्प होता, तो तिथे फिर्यादी असेल. ज्याची भीती खरी होती आणि ज्याने मर्यादा पाळली, त्याला त्या प्रश्नाचे भय नाही. अल्लाह अंतःकरणे जाणतो. पण ज्याची भीती वकिलाने शिकवलेली होती, तो काय उत्तर देईल? सूरह अल-कियामामध्ये सांगितले आहे, की माणूस कितीही सबबी पुढे करो, तो स्वतःच स्वतःविरुद्ध साक्षीदार आहे.

आदमच्या दोन पुत्रांपैकी एकाने दुसऱ्याला मारण्याचा निश्चय सांगितला, तेव्हा दुसऱ्याने उत्तर दिले होते, की तू माझ्यावर हात उगारलास तरी तुला ठार करण्यासाठी मी हात उगारणार नाही, कारण मी सर्व विश्वांच्या पालनकर्त्याला भितो. त्यालाही मृत्यू समोर दिसत होता, पण त्याच्या मनात त्याहून मोठी भीती होती. बचावाचा हक्क आपल्याला आहे. तो वापरताना ही मोठी भीती मनात जागी असली, तर हात जिथे थांबायला हवा तिथे थांबेल.

हे अल्लाह! आमच्या प्राणांचे, अब्रूचे आणि घरांचे रक्षण कर. आमच्या हातून कोणा निरपराधाचे रक्त सांडू देऊ नकोस. रागाला भीतीचे नाव देण्यापासून आमच्या जिभेला वाचव आणि तुझ्यासमोर उभे राहण्याचे भय आमच्या अंतःकरणात कायम ठेव. आमीन.